पार्क ग्युन-हे ‘शून्यातून’ आल्या नव्हत्या

महिला दिन जवळ आला की पार्क ग्युन-हे यांच्याबद्दलचा एक मजकूर फिरायला लागतो. आई-वडिलांची हत्या झालेली एक पोरकी मुलगी शून्यातून, कुणाच्याही आधाराशिवाय उभी राहिली, देशालाच कुटुंब मानलं, दक्षिण कोरियाची पहिली महिला राष्ट्राध्यक्ष झाली आणि शेवटी पुरुषी राजकारणाने तिचा बळी घेतला, असा त्याचा सारांश. यंदा तो माझ्या कॉलेजात जाणाऱ्या भाचीने पाठवला, ‘मावशी, वाचच’ म्हणून. तिच्यासाठीच हे लिहिते आहे.

पोरकेपणाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. १५ ऑगस्ट १९७४ रोजी सोलमध्ये वडिलांचं भाषण चालू असताना त्यांच्यावर गोळीबार झाला आणि त्यात आई युक यंग-सू गेल्या. मुलगी तेव्हा २२ वर्षांची, फ्रान्समध्ये शिकत होती. शिक्षण सोडून परतली. २६ ऑक्टोबर १९७९ला वडिलांना त्यांच्याच गुप्तचर खात्याच्या प्रमुखाने जेवणाच्या मैफलीत गोळ्या घातल्या. हे दुःख कुणीही हलकं लेखू नये.

पण शून्य? वडील पार्क चुंग-ही १९६१च्या लष्करी उठावातून सत्तेवर आले आणि मरेपर्यंत, म्हणजे १८ वर्षं, सत्ता त्यांच्याच हातात होती. आईनंतरची पाच वर्षं ‘फर्स्ट लेडी’ची सगळी कामं ही मुलगीच करत होती. वडील गेल्यावर पुढचे लष्करशहा चुन डू-ह्वान यांनी तिला ६० कोटी वॉन दिले. २०१२च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीवेळी टीव्हीवरच्या वादचर्चेत पार्क यांनी स्वतः ते मान्य केलं. १९९५ ते २००५ त्या एका शिष्यवृत्ती संस्थेच्या अध्यक्ष होत्या. वडिलांच्या राजवटीने एका उद्योजकाकडून दमदाटीने घेतलेल्या मालमत्तेवर ही संस्था उभी होती. ही पाटी कोरी नव्हती.

मात्र ‘सगळं बापाच्या नावावर मिळालं’ असं उलट्या बाजूने म्हणणारेही चुकतात. १९९७च्या आर्थिक संकटात लोकांना वडिलांच्या काळातली भरभराट आठवली, त्या लाटेत १९९८ला देगूमधून त्या संसदेत गेल्या, इथवर नाव कामी आलं. पुढचं त्यांचं स्वतःचं. २००४ला त्यांचा पक्ष पार बुडाला होता. निवडणुकीसाठी उद्योगांकडून ट्रक भरभरून रोकड घेतल्याचं उघड झालं होतं, वर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोह मू-ह्युन यांच्यावर महाभियोग आणल्याने लोक खवळले होते. अशा वेळी पक्षाची सूत्रं हाती घेऊन त्यांनी आलिशान मुख्यालय सोडलं आणि मोकळ्या जागेत तंबू ठोकून तिथून कारभार चालवला. पक्ष नामशेष होईल असं वाटत असताना १२१ जागा आल्या. २० मे २००६ला प्रचारसभेत एकाने कटरने त्यांच्या गालावर वार केला. कानापासून जबड्यापर्यंत ११ सेंटिमीटरची जखम, ६० टाके. शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, ‘देजॉनचं काय?’ म्हणजे तिथली महापौरपदाची लढत. ती जागाही पक्षाने जिंकली. हे धैर्य उसनं नव्हतं.

आता ‘देशालाच कुटुंब मानलं’. प्रचारात त्या खरंच असं म्हणत: मला नवरा नाही, मुलं नाहीत, जनता हेच माझं कुटुंब. माझं मन इथे अडतं. ९ एप्रिल १९७५ रोजी वडिलांच्या राजवटीने आठ जणांना फाशी दिली, तीही सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २४ तासांच्या आत. २००७ला फेरखटल्यात ते आठही जण निर्दोष ठरले. तरी सप्टेंबर २०१२मध्ये पार्क म्हणाल्या की या प्रकरणात दोन निकाल आहेत. बायकांना विधवा आणि लेकरांना पोरकं करणारा निकाल आणि ते चूक होतं असं सांगणारा निकाल, दोन्ही एकाच तागडीत! गदारोळ झाला, तेव्हा दोनेक आठवड्यांनी त्यांनी माफी मागितली. पोरकेपण भोगलेल्या बाईला ते आधीच कळायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

त्यांच्या विजयातून कोरियातल्या बायकांचं भलं झालं, असंही सुचवलं जातं. स्त्री-पुरुषांच्या पगारातली तफावत त्यांच्याआधीही विकसित देशांत सर्वाधिक होती, नंतरही राहिली.

राहिला ‘पुरुषी राजकारणाने बळी घेतला’ हा मुद्दा. त्यांची मैत्रीण चोई सून-सिल कोणत्याही पदावर नसताना राष्ट्राध्यक्षांची भाषणं आधी तिच्याकडे जात होती, तिच्या ताब्यातल्या संस्थांना देणग्या द्यायला कंपन्यांवर दबाव येत होता. यातला एक धागा सापडला तो सोलच्या इह्वा महिला विद्यापीठात, चोईच्या मुलीला मिळालेल्या प्रवेशावरून. २०१६च्या उन्हाळ्यापासून तिथे, सुरुवातीला वेगळ्याच कारणासाठी, धरणं धरून बसल्या होत्या त्या विद्यार्थिनी. मग लाखो लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले. ९ डिसेंबरला संसदेत २३४ विरुद्ध ५६ मतांनी महाभियोग मंजूर झाला, आणि पार्क यांच्या स्वतःच्या पक्षातल्या अनेकांच्या मतांशिवाय तो आकडा गाठणं शक्यच नव्हतं. पुढे खटले चालून पार्क यांना एकूण २२ वर्षांची शिक्षा झाली. २०२१च्या अखेरीस त्यांना माफी देऊन सोडलं ते तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांनी, म्हणजे २०१२ला ज्यांना त्यांनी हरवलं होतं त्यांनीच.

आणि पदच्युतीचा निकाल? १० मार्च २०१७ला तो आठ विरुद्ध शून्य असा लागला. तो वाचून दाखवला घटनात्मक न्यायालयाच्या प्रभारी मुख्य न्यायमूर्ती ली जोंग-मी यांनी. त्या दिवशी सकाळी त्या गाडीतून उतरल्या तेव्हा केसांना लावलेले दोन गुलाबी रोलर काढायचे राहून गेले होते. डोक्यात निकाल असलेली, घाईत निघालेली एक नोकरदार बाई. तो फोटो मी भाचीला पाठवला आहे.