सोळाच्या खाली

नाते न तोडता एखाद्या मुंबईकराचा सूड उगवायचा असेल, तर त्याला थंड हवेचे ऑर्किड भेट द्यावे. आमच्या मेहुण्यांनी कालिम्पाँगच्या सहलीहून सिंबिडियमचे रोप कुंडीसकट आणले, मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत ते ठेवले आणि चहा पिऊन ते ठाण्याला निघून गेले. तेव्हापासून या घरातले सर्व निर्णय रोपाच्या सोयीने घेतले जातात.

सिंबिडियमला आपल्या दिवसांबद्दल फारशी तक्रार नसते. उजेड भरपूर आणि हवा खेळती असेल, तर तिशीपर्यंतचा पारा ते निमूटपणे सोसते. त्याचा आक्षेप आपल्या रात्रींवर आहे. फुलाचा दांडा धरायचा, तर पावसाळा सरता सरता रात्रीचा पारा दहा ते पंधरा अंशांच्या आसपास उतरावा लागतो, आणि मुंबईच्या ऑक्टोबरात तो रात्रीही तेवीस-चोवीसच्या खाली यायला तयार नसतो. रात्र उष्ण राहिली की दिवसभर कमावलेली साखर रोप श्वसनातच उडवून टाकते. महिनाअखेरीस कोणाच्याही हाती काही उरू न देण्याचा या शहराचा नियम वनस्पतींनाही लागू आहे, एवढाच याचा अर्थ.

कूलर आणावा, तर पाण्याचे बाष्प होऊन हवा थंड व्हायला ती मुळात कोरडी असावी लागते आणि आमच्या हवेत आधीच पाणी भरलेले. मग कुंडी एसीच्या खोलीत गेली. रिमोटवर सोळाच्या खाली आकडाच नाही, हे तेव्हा कळले. शिवाय एसी हवेतला ओलावा शोषून घेतो आणि ऑर्किडला तर दमट हवा लागते, म्हणून हवेत बाष्प सोडणारे यंत्रही आणावे लागले. आता एक यंत्र रात्रभर पाणी काढते, दुसरे रात्रभर पाणी घालते आणि दोघांचे बिल माझ्या नावावर येते. आई मफलर गुंडाळून झोपते आणि सकाळी विचारते, "अरे, त्याला पुरेसं गार झालं ना?"

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या माळ्यांचा समज असा होता की ऑर्किड म्हणजे उकाड्याचे झाड; त्यामुळे उंच डोंगरांवरून आणलेली रोपेही ते कोळसा जाळून तापवलेल्या काचगृहांत कोंडत आणि ती धडाधड मरत. आम्हांला निदान कोळशाचा खर्च नाही.

मध्यंतरी फुगीर कंदाच्या बुडाशी एक कोंब दिसला. पानाचा कोंब चपटा असतो आणि लवकरच फाकतो, तर फुलाचा दांडा गोलसर आणि टोकदार असतो, असे वाचले होते. घरातल्या प्रत्येकाने तो हलकेच दाबून आपापले मत दिले. आईने मात्र भेंडीच्या सवयीने त्याचे टोक मोडायला हात घातला आणि मी ओरडलो. आठवड्याने तो फाकला. पान होते.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीत ओंडक्याला बांधलेली सीतेची वेणी, म्हणजे आपल्या सह्याद्रीतलेच ऑर्किड, दर वर्षी पावसाच्या तोंडावर गुलाबी तुऱ्यांनी लगडते. "आम्ही तिला काहीच करत नाही हो," असे त्या सांगतात, आणि तेही विचारले नसताना.

सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश तापमानाची नोंद झाली होती. असे काही पुन्हा घडलेच, तर रोप चार भिंतींत अडकलेले नसावे, म्हणून जानेवारीच्या रात्री ते गच्चीवर ठेवू द्यावे, असा रीतसर अर्ज मी सोसायटीकडे केला. सचिवांनी त्यावर शेरा मारला आहे: "रोप रात्री गच्चीवर मुक्कामास राहणार असल्याने त्यास भाडेकरू समजून आकारणी करावी काय, याचा निर्णय पुढील सभेत घ्यावा." पुढील सभा एप्रिलात आहे.