जखमेवरील फेसाबाबत खुलासा

ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत निफाड-दिंडोरीकडील द्राक्षबागांत कात्रीने बोट कापणे नवे नाही. मात्र ‘जखम उघडी ठेवा, रोज हायड्रोजन पेरॉक्साइडने धुवा, फेस आला म्हणजे जंतू मेले’ हा नाशिकमध्ये मोबाइलवर फिरणारा संदेश चुकीचा आहे. रक्तात आणि पेशींत असलेले कॅटलेज हे विकर (एन्झाइम) पेरॉक्साइडचे पाणी व ऑक्सिजन असे विघटन करते, त्यामुळे अगदी स्वच्छ जखमेवरही फेस येतोच, आणि रोजच्या वापराने भरून येणाऱ्या नव्या पेशींनाच इजा होते. उघड्या जखमेपेक्षा ओलसर राखलेल्या जखमेवर नवी त्वचा लवकर धरते, हे संशोधक जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांवरील प्रयोगांत दाखवले होते. साधी, उथळ जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावी, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावून स्वच्छ पट्टी बांधावी आणि ती रोज, किंवा भिजली की लगेच, बदलावी. स्वयंपाकघरातली हळद (आजीचा कितीही विश्वास असला तरी) निर्जंतुक नसते. माती लागलेल्या जखमेसाठी धनुर्वाताच्या लसीला पाच वर्षे उलटली असल्यास डॉक्टरांना विचारावे. लाली पसरणे, पू, वाढती वेदना किंवा ताप दिसल्यास, आणि मधुमेहींनी पायाच्या जखमेसाठी तर लगेचच, दवाखाना गाठावा.