बाकावरचे न्यायाधीश

गृहनिर्माण संस्थेच्या आवारातून पंधरा-सोळा वर्षांची मुलगी हाफ पँट घालून क्लासला निघाली, की बाकावरील मंडळींमध्ये संस्कारांची चर्चा सुरू होते आणि पाहता पाहता तिच्या आईच्या वळणापर्यंत जाऊन पोहोचते. हीच मुलगी रोज सकाळी आजीला इन्सुलिनचे इंजेक्शन देते, तळमजल्यावरील काकांचे वीजबिल मोबाइलवरून भरून देते, हे सर्वांना ठाऊक असते (ते काकाही त्याच बाकावर बसलेले असतात!); परंतु तिच्या चारित्र्याचे मोजमाप गुडघ्यापाशी सुरू होऊन तेथेच संपते. तिचा भाऊ तशाच हाफ पँटमध्ये दिवसभर हिंडतो, त्याच्या संस्कारांची मात्र कोणी चौकशी करीत नाही.

मार्च २०२१ मध्ये उत्तराखंडचे तत्कालीन मुख्यमंत्री तीरथसिंह रावत यांनी विमानात भेटलेल्या एका महिलेच्या फाटक्या जीन्सवरून, ती मुलांना काय संस्कार देणार, असा सवाल केला होता, आणि तोही बालहक्कांविषयीच्या कार्यक्रमात! देशभर टीका झाल्यावर त्यांनी निदान माफी तरी मागितली. बाकावर तीही सोय नाही.

‘आम्ही काळजीपोटी बोलतो’ हा खुलासा तर अधिकच संतापजनक आहे, कारण क्लासबाहेर दुचाकी लावून मुलींवर शेरे मारणाऱ्या टोळक्याला हटकण्याची वेळ आली, की यांतील प्रत्येकाला रक्तदाबाची गोळी आठवते.