वावरातल्या लोखंडासाठी कोणता घ्यावा?

'नवशिक्यानं साधाच मेटल डिटेक्टर घ्यावा' हे लेखातलं म्हणणं अर्धं पटलं. आमच्या यवतमाळकडच्या काळ्या जमिनीत एक सोय मात्र सोडून चालत नाही, ती म्हणजे ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतल्या खनिजांचा परिणाम वगळायले यंत्र जुळवून घेणं. ही माती बेसाल्टची, तिच्यात मॅग्नेटाइट या चुंबकी लोहखनिजाचे कण असतात. ते जुळवून घेता आलं नाही तर यंत्र वावरभर उगाच कुरकुरत राहते, अन् खोलवरचं काही सापडत नाही. मोठी कॉइल (यंत्राची खालची शोधायची चकती) लावली तर मातीचा गोंगाटही वाढतो.

बाकी दहा मोड, ब्लूटूथ, स्क्रीनवरचे आकडे कशाले पाहिजे भाऊ? डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू वगळायची सोय, तर आमच्यासाठी उलट्या कामाचं. शौकीन लोक नाणी शोधतात, म्हणून ते लोखंड गाळते. आपल्याले रोटाव्हेटरचं तुटलेलं पातं नाहीतर वखराची पासच शोधायची असते! सगळे धातू दाखवणारा मोड असला की झालं.

अन् गुप्तधनाच्या नादात घेणाऱ्यांनी १८७८ चा निखात निधी कायदा पाहून घ्यावा. जमिनीत दडलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागते. रामटेकजवळच्या मनसरच्या प्राचीन अवशेषांसारख्या संरक्षित जागी तर खोदायचंच नाही.