यारोस्लाव्हल आधी, राजधानी नंतर

रशियन रंगभूमी म्हणजे मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग. बाकी शहरांतली नाट्यगृहे राजधानीची नक्कल करतात, सरकारी अनुदानावर तगतात आणि तिथल्या लोकांना त्यांचे सोयरसुतक नसते, असे विधान नाट्यरसिकांमध्ये वारंवार केले जाते. व्होल्गाकाठच्या यारोस्लाव्हलमधील व्होल्कोव्ह नाट्यगृहाचा इतिहास पाहिला, तर ते मान्य करणे कठीण जाते.

नकलेचा आरोप तर क्रमच उलटा लावतो. 1750 मध्ये फ्योदोर व्होल्कोव्ह या व्यापारी घरातील तरुणाने यारोस्लाव्हलमध्ये मंडळी जमवून एका कोठारात नाटकांचे प्रयोग सुरू केले. त्यांची कीर्ती सम्राज्ञी एलिझाबेथच्या कानी गेली, 1752 मध्ये तिने या मंडळींना तेव्हाच्या राजधानीत, सेंट पीटर्सबर्गला, बोलावून घेतले, आणि 1756 च्या फर्मानाने तिथे स्थापन झालेल्या रशियन नाट्यसंस्थेच्या नटसंचात व्होल्कोव्ह आणि इव्हान द्मित्रेव्स्कीसारखे त्याचे यारोस्लाव्हलचे साथीदार होते. म्हणजे राजधानीनेच या शहराकडून नट घेतले. राजधानीबाहेर आधी घडण्याचा हा क्रम पुढेही थांबला नाही: नाटककार अलेक्झांडर वाम्पिलोव्हचे ‘थोरला मुलगा’ हे नाटक 1969 मध्ये प्रथम रंगमंचावर आले ते सैबेरियातील इर्कुत्स्कमध्ये.

गुणी माणसे मॉस्कोकडे ओढली जातात, हे मात्र खरे. नट ओलेग यांकोव्स्की 1973 मध्ये सराटोव्ह हे व्होल्गाकाठचे शहर सोडून मॉस्कोला गेला. पण तो शिकला आणि नट म्हणून घडला तो सराटोव्हमध्येच, हे सांगायचे राहून जाते.

अनुदानाविषयीची तक्रारही अर्धीच खरी आहे. त्याच पैशावर पगारी, कायमस्वरूपी नटसंच टिकतो, एकाच महिन्यात अनेक नाटके आलटूनपालटून होतात, आणि तिकीटविक्रीच्या भरवशावर कोणी हाती घेणार नाही अशी संहिताही रंगमंचावर येऊ शकते. त्यात धोका आहे, आणि मला तो गंभीर वाटतो: पैसा देणारा निर्णयही घेऊ पाहतो. 2019 मध्ये रशियाच्या सांस्कृतिक मंत्रालयाने व्होल्कोव्ह नाट्यगृह सेंट पीटर्सबर्गच्या अलेक्झांद्रिन्स्की नाट्यगृहात विलीन करण्याची योजना जाहीर केली, तेव्हा हा धोका प्रत्यक्ष दिसला.

मात्र लोकांच्या कथित उदासीनतेचे उत्तरही याच प्रसंगात आहे. 1911 मध्ये बांधलेली नाट्यगृहाची आजची वास्तू ज्या चौकात उभी आहे, तो चौकही व्होल्कोव्हच्याच नावाने ओळखला जातो. आपले नाट्यगृह दुसऱ्या शहराची शाखा होणार, हे यारोस्लाव्हलकरांना मानवले नाही. नाट्यकर्मींबरोबर सामान्य नागरिकांनीही उघड विरोध केला आणि मंत्रालयाला विलीनीकरण सोडून द्यावे लागले.