आज्याचा दुष्काळ, सुऱ्याची शुगर

'दुष्काळ रक्तात उतरतो', म्हणजे आज्यानं सोसलेली उपासमार नातवाच्या अंगात येते, ही बातमी सोलापूरच्या पार्क चौकातल्या कट्ट्यावर सगळ्यांनीच वाचली होती. पण शुगर निघाल्यापासून सुऱ्या असल्या बातम्यांचा घाऊक व्यापारी झालाय.

"माझा काय दोष बे? आज्यानं बहात्तरचा दुष्काळ काढला, जीन्स बदलले, ते माझ्यात आले. विषय संपला!"

"जीन्स बदलत नाहीत," सर म्हणाले. ज्युनिअरला बायोलॉजी शिकवतात, त्यामुळं सुऱ्याशी बोलताना त्यांचा आवाज आपोआप वर्गातला होतो. "डीएनएवर मिथाइलचे बारके गट चिकटतात. तेवढा जीन बहुतेक वेळा गप्प बसतो."

सुऱ्याचा चेहरा कोरा. शेवटी इरण्णानं कप खाली ठेवला. "मागावर चादरीची नक्षी ठरवणारी जकार्डची कार्डं बघितलायस का कधी? भोक असलं तिथं हूक उचलतो, ताण्याचा म्हंजे उभा धागा वर येतो. त्या भोकावर चिकटपट्टी लाव. कार्ड तेच, भोकबी तेच, पण धागा उठत न्हाई. चादरीवरच्या मोराचा तुरा गेला."

सर इतके खूश झाले की थेट हॉलंडला पोचले. 1944-45 चा हिवाळा, जर्मनांनी अन्न तोडलेलं. त्या उपासमारीत ज्यांचा गर्भ राहिला, ती माणसं साठीच्या आसपास तपासली. वाढीशी संबंध असलेल्या आयजीएफ-2 या जीनवर त्यांच्यात मिथाइल सख्ख्या भावंडांपेक्षा कमी.

"बघा! हॉलंडनं मान्य केलं!" जणू तिथल्या सरकारनं याला रजिस्टर पत्र धाडलंय.

"ती माणसं स्वतः पोटात होती रे," सर म्हणाले. "तुझा बाप बहात्तरला कितवीत होता?"

"दहावीत."

"मग? बीजं तयार होताना आणि गर्भाच्या सुरुवातीला मिथाइलच्या असल्या बहुतेक खुणा पुसल्या जातात. माणसात आज्याकडून नातवाकडं जातात, हे अजून सिद्ध नाही."

"म्हंजे दुष्काळ आज्यानं सोसला आणि जिलेबी ह्यानं खाल्ली," इरण्णा.

सरांनी मग पुण्याच्या केईएममधल्या डॉ. याज्ञिकांचं काम काढलं. 1993 पासून पुण्याजवळच्या गावांतल्या आया आणि त्यांची मुलं. बाळं वजनाला कमी, पण त्या मानानं अंगात चरबी जास्त. खरं तर बोलायला हवं ते यावर. बोलला फक्त इरण्णा. "सुनेला सगळ्यात शेवटी जेवायला बसवायचं, आणि नातवाच्या शुगरला दुष्काळ जबाबदार!"

"तू शिकवू नको," सुऱ्या उसळला. "गड्ड्याच्या जत्रेत माझ्याकडनं घेतलेले पाचशे कुठायत?"

"तुझ्याच भज्यात गेले की बे!"

हे दरवर्षीचं. मिटवायला म्हणून सरांनी मधमाश्या सोडल्या: कामकरीण आणि राणी, दोघींची अंडी सारखीच, फरक खाण्याचा; जिला शेवटपर्यंत रॉयल जेली मिळते तिची राणी होते.

"मग मला पण आणा की ती जेली. राजा होतो!"

"नीट ऐक की," इरण्णा म्हणाला. "राणी होते."

चहावाल्या मावशीनं तेव्हाच विचारलं, "राणीसाहेबांचा बिनसाखरेचाच ना?"