मॉरिशसने वंशभेद ‘संपवला’ म्हणे

मराठी वाचकांत मॉरिशसबद्दलचा एक मजकूर अधूनमधून नव्याने फिरू लागतो. त्याचा सारांश असा: मॉरिशस म्हणजे छोटा भारत. तिथल्या सरकारने जनगणनेतून समाजाचा रकानाच काढला आणि सगळ्यांना एकच कायदा लावला, म्हणून वंशभेद आणि जातिभेद संपला. शिवाय तिथल्या मराठी माणसांना राज्यघटनेने स्वतंत्र समाजाचा दर्जा दिला आहे. यातला पहिला भाग अर्धवट खरा, मधला भाबडा आणि शेवटचा साफ चूक आहे.

‘जनगणनेतून रकाना काढला’

काढला, १९८२ साली. समाजनिहाय शेवटची मोजणी १९७२ची. आता जनगणनेत धर्म आणि भाषा विचारतात, ‘समाज’ विचारत नाहीत. फिरणारा मजकूर इथेच थांबतो आणि खरी मेख पुढे आहे. मोजणी थांबली, पण त्या मोजणीवर चालणारी निवडणूक पद्धत तशीच राहिली. घटनेच्या पहिल्या परिशिष्टात आजही चार समाज आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि ‘जनरल पॉप्युलेशन’. चौथ्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. ‘जीवनपद्धती’वरून जो पहिल्या तिघांत बसताना दिसत नाही, तो चौथ्यात. ही जीवनपद्धती म्हणजे नेमकं काय, हे घटना सांगत नाही.

उमेदवाराने अर्ज भरताना आपला समाज लिहायचा. रकाना कोरा सोडला तर अर्ज बाद. ‘रेझिस्तान्स एक आल्टर्नातिव’ या पक्षाने समाज लिहायला नकार दिला आणि त्याच्या उमेदवारांचे अर्ज २०१० मध्ये असेच बाद झाले. जाहीर केलेल्या समाजावर मतदाराला हरकत घेता येते. सुप्रीम कोर्टाचा एक न्यायाधीश ती निकाली काढतो आणि त्यावर अपील नाही. म्हणजे सरकार समाज विचारत नाही, हे जनगणनेपुरतं. ज्याला संसदेत जायचंय त्याला ते विचारतंच.

‘त्यामुळे राजकारणात समाज उरला नाही’

६२ सदस्य थेट निवडून येतात: २० मतदारसंघांतून प्रत्येकी ३ आणि रॉड्रिग्ज बेटावरून २. त्यानंतर जास्तीत जास्त ८ जागा ‘बेस्ट लूझर’, म्हणजे हरलेल्यांतल्या सरस उमेदवारांना वाटल्या जातात. हिशेब असा. प्रत्येक समाजाची १९७२ची लोकसंख्या घ्यायची आणि तिला, त्या समाजाने जिंकलेल्या जागांत एक मिळवून, भागायचं. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, त्याला जागा. समजण्यापुरते काल्पनिक आकडे घेऊ. एका समाजाची लोकसंख्या ४ लाख आणि जागा ४०, तर ४,००,००० भागिले ४१, सुमारे ९,७५६. दुसऱ्याची १,३०,००० आणि जागा ९, तर भागाकार १३,०००. जागा दुसऱ्या समाजाची. मग त्या समाजाच्या पडलेल्या उमेदवारांपैकी ज्याची आपल्या मतदारसंघातली मतांची टक्केवारी सर्वांत जास्त, तो आत. पहिल्या चार जागा पक्ष न पाहता जातात. उरलेल्या चार, पहिल्या चारांमुळे पक्षांचं बिघडलेलं बलाबल सावरण्यासाठी. अपक्षाला यातलं काहीच मिळत नाही.

बिघाड लोकसंख्येच्या आकड्यात आहे. १९७२ साली देशाची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आसपास होती, २०२२च्या जनगणनेत ती सव्वाबारा लाखांच्या आसपास गेली. समाजांचं प्रमाण तेच राहिलं असेल असं धरून पन्नास वर्षं भागाकार चालू आहे. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने नेमकं यावरच बोट ठेवलं: ताजे आकडे नसताना समाज जाहीर करण्याची सक्ती मनमानी ठरते. त्यानंतर २०१४च्या निवडणुकीपुरती सक्ती ऐच्छिक करणारा तात्पुरता कायदा झाला. त्या निवडणुकीबरोबर तो संपला आणि २०१९ मध्ये जुना नियम परत लागू झाला.

गंमत म्हणजे वांशिक भेदभावाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारात मॉरिशस सामील झाला तेही १९७२ सालीच.

तरीही ही पद्धत म्हणजे निव्वळ जातीयवाद, असं म्हणून मोकळं होता येत नाही. १२ मार्च १९६८ला स्वातंत्र्य मिळालं. त्याआधी जानेवारीत पोर्ट लुईमध्ये दंगल झाली होती आणि बंदोबस्ताला ब्रिटिश सैन्य आणावं लागलं होतं. लहान समाजांना बहुसंख्याकांची भीती होती. शिवाय १९८२, १९९५ आणि २०२४ या तिन्ही वेळा एका आघाडीने मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या. त्या बेटावरच्या विरोधकांना सभागृहाचं दार उघडलं ते याच पद्धतीने. २०२४ नंतरचे विरोधी पक्षनेते जो लेझोंगार हेही त्याच दाराने आले. पर्याय न देता ही पद्धत मोडली तर काय होईल, याची धास्ती खोटी नाही.

‘कायदा सगळ्यांना सारखा, म्हणून भेदभाव नाही’

कायदा चांगला आहे, हे मान्य. घटनेच्या कलम १६ मध्ये वंश, जात, मूळ ठिकाण, राजकीय मत, रंग, पंथ आणि लिंग यांवरून भेदभावाला बंदी आहे. (‘जात’ हा शब्द तिथे आहे, म्हणजे घटनाकारांना ती दिसत होती.) मात्र लग्न, घटस्फोट, दत्तक, वारसा यांसाठी व्यक्तिगत कायद्याची सूट त्याच कलमात आहे. खाजगी नोकऱ्या, शाळा, घरभाडं यांसाठी समान संधी कायदा २००८ साली झाला आणि २०१२ पासून लागू झाला. दहाहून अधिक पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या मालकाला समान संधीचं लेखी धोरण ठेवावं लागतं. अप्रत्यक्ष भेदभावही त्यात येतो. समजा, गोदामातल्या हमालीच्या जाहिरातीत कामाला न लागणाऱ्या भाषेची अट घातली, तर ती वरून सगळ्यांना सारखीच, पण गळती एका गटाची होते.

तक्रार १२ महिन्यांच्या आत, लेखी. याच कायद्याखालचा समान संधी आयोग आधी समेट घडवायला बघतो. तो झाला नाही तर तक्रारदाराच्या संमतीने प्रकरण न्यायाधिकरणाकडे जातं. म्हणजे सगळं तक्रार करणाऱ्यापासून सुरू होतं. जिथे सगळे एकमेकांना ओळखतात अशा लहान बेटावर पुढच्या मालकालाही तुमचं नाव कळणार, ही भीती कायद्याने जात नाही.

‘भेदभाव नाही’ म्हणणाऱ्याने क्रेओल समाजाकडे बघावं. क्रेओल म्हणजे मुख्यतः गुलामांचे वंशज. ते आणि गुलाम बाळगणाऱ्या फ्रेंच मळेवाल्यांचे वंशज, दोघेही घटनेने एकाच ‘जनरल पॉप्युलेशन’मध्ये टाकले. त्यामुळे या समाजाला जागा मिळाली तरी ती कुणाला मिळाली, हे आकड्यांत दिसत नाही. १९९३ मध्ये रॉजर सर्वो या धर्मगुरूंनी या अवस्थेला ‘मालेझ क्रेओल’, म्हणजे क्रेओल समाजाची घुसमट, असं नाव दिलं. फेब्रुवारी १९९९ मध्ये क्रेओल गायक काया यांचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि दंगली पेटल्या. बहुतेक घरांत बोलली जाणारी क्रेओल भाषा प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून आली ती २०१२ मध्ये. हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी त्याच्या कितीतरी आधीपासून होत्या.

पंतप्रधानपदाचंही तेच. आजवर एकच बिगरहिंदू पंतप्रधान झाले, २००३ ते २००५ या काळात पॉल बेरांजे, तेही आघाडीत आधी ठरलेल्या वाटणीनुसार.

‘मराठींना घटनेत स्वतंत्र स्थान’

नाही. मराठी शाळेत शिकवली जाते, मराठी माणसांच्या संस्था आहेत, गणेशोत्सव थाटात होतो. पण घटनेच्या चार नावांत मराठी नाही, तमिळ नाही, तेलुगूही नाही. निवडणुकीच्या अर्जावर मराठी हिंदू उमेदवार ‘हिंदू’ एवढंच लिहितो आणि भागाकारातही तो तेवढाच मोजला जातो.